बाहीत राहिलेला हात

माझ्या बायकोने उभ्या आयुष्यात शेकडो माणसं जमिनीवर काढली आणि पुसली. त्यांत मी नव्हतो, आणि याचा मला राग होता.

मृणाल रांगोळीने माणसांचे चेहरे काढायची. दिवाळीत आमच्या वसईच्या पट्ट्यात रांगोळ्यांची प्रदर्शनं भरतात. शाळेतले बाक बाहेर काढून जमिनीला गेरू लावतात, आणि लोक दोरीच्या अलीकडून वाकून बघत पुढे सरकतात. बाकीचे कलाकार रंगांचे डबेच्या डबे रिकामे करायचे. ही त्या भानगडीत पडायची नाही. गेरूवर पांढरी रांगोळी, बस. उजेड हवा तिथे चिमूट दाट सोडायची, सावली हवी तिथे विरळ. तिने नट काढले, क्रिकेटपटू काढले, आगाशीच्या बाजारात केळी विकणारी शेवंताबाई काढली. आमचा निवृत्त पोस्टमन काढला, तेव्हा तो स्वतःचं तोंड बघून रडला. मी मात्र दर वर्षी रांगेत उभा राहून कोराच परत यायचो.

"माझे कान काढायला रांगोळी पुरणार नाही म्हणून घाबरतेस का?" मी विचारायचो. माझे कान सुपाएवढे आहेत. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो तेव्हा पोरं मला 'अँटेना' म्हणायची.

"तसंच समजा," ती म्हणायची. एकदाच काय ती गंभीरपणे बोलली. "अहो, काढलेलं पुसावं लागतं. तुम्हाला पुसायला माझा हात धजायचा नाही."

पुसण्याचे तिचे दोन नियम होते. ज्याने काढलं त्यानेच पुसायचं, आणि केरसुणी लावायची नाही. शेवटच्या दिवशी इतर लोक झाडू मारून मोकळे व्हायचे. ही गुडघे टेकून बसायची आणि उजव्या तळव्याने चेहरा पुसायची. "माणसाच्या तोंडावरून केरसुणी फिरवतात का?" असं तिचं म्हणणं. मला या गोष्टींचं हसू यायचं. आता येत नाही.

मग त्या उजव्या हातालाच कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी चालणं सुधारलं, पण चिमटीतली रांगोळी वाटीतून जमिनीवर पोचेपर्यंत अर्धी सांडायची. तिने वाट्या धुऊन माळ्यावर ठेवल्या. तक्रार केली नाही. ती कधीच करायची नाही, आणि मला तेच सोसायचं नाही.

ऋजुता ही आमची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती पुण्याला एका प्रयोगशाळेत होती. शिक्षण कापडाच्या डिझाइनचं, संगत इंजिनिअरांची. "ही कपडे शिवते की यंत्रं, ते एकदा ठरू दे," असं मृणाल म्हणायची. दिवाळीच्या आधी ऋजुता एक खोकं घेऊन आली. आत एक राखाडी बाही होती. खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत जाणारी, बोटांची टोकं आणि तळवा तेवढे उघडे.

"ब्लाऊज पुरा करायला वेळ मिळाला नाही वाटतं," मृणाल म्हणाली.

"आई, घाल तर आधी."

तिने घातली. ऋजुताने कोपराजवळची चपटी बॅटरी खटका लावून बसवली. थोड्या वेळाने मृणालने देवासमोरच्या डबीतून चिमूटभर रांगोळी घेतली आणि फरशीवर एक रेघ ओढली. सरळ, बारीक, न तुटलेली. तिने हात उलटासुलटा करून पाहिला. "हा माझाच आहे," ती म्हणाली. आईची दृष्ट काढावी तशी ऋजुता तिच्याकडे बघत राहिली.

मी परीक्षकासारखा प्रश्न विचारायला बसलो. सवय जात नाही.

"तंगूस माहीत आहे ना बाबा?" ऋजुताने सुरुवात केली. अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तंगूस माहीत नसेल होय? गळाची नायलॉनची दोरी. "ती पिळत नेली की जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी होते. ती वेटोळी गरम केली की आखडते, गार झाली की सैल पडते. म्हणजे स्नायूच झाला. केसाइतक्या बारीक तंगुसाचे असे स्नायू या कापडात विणलेत. शेजारून चांदीचा धागा जातो, तो त्यांना ऊब देतो."

"आणि कंप कसा थांबतो?"

"आजाराचा कंप तालात असतो. घड्याळासारखा ठरावीक ठेका. बाही तो ठेका ओळखते आणि उलट बाजूने ओढून मारून टाकते." मग ती आईकडे वळली. "जे तालात नाही ते तुझं, आई. त्याला बाही हात लावणार नाही. उलट शिकून घेईल."

शिकण्याची गोष्ट मला नंतर नीट समजली. त्या धाग्यावर एका प्लास्टिकचा लेप होता. ज्या वाटेने वीज वारंवार जाते ती वाट त्या लेपात सोपी होत जाते, वाडीतून रोज चालून पायवाट पडते तशी. मृणालचा हात जे पुन्हा पुन्हा करेल त्याची वाट बाहीत पडणार होती, आणि तिचा हात थकला तर बाही त्याच वाटेने त्याला पुढे नेणार होती. ही आठवण कुठल्या चिपमध्ये नव्हती, कापडातच होती. तिची नक्कल काढायची सोय नव्हती. वाचायची तर वीज सोडावी लागणार, आणि वीज सोडली की वाट थोडी विस्कटणार.

त्या दिवाळीत मृणालने शेवंताबाईला पुन्हा काढलं, म्हातारी झालेली. पुढे दोन-तीन वर्षं अशी बरी गेली. जगभर अशा बाह्या निघाल्या. पॅरिसच्या फॅशन शोमध्ये मॉडेल मुली त्या घालून चालल्या. कंप कोणालाच नव्हता, नुसती हौस.

मग तिचं पोट दुखायला लागलं, आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मृणाल म्हणाली, "त्यांना कशाला बाजूला घेता? त्यांना धड बोलता येणार नाही. मला सांगा." आणि ऐकून झाल्यावर डॉक्टरांनाच चहा घ्यायचा आग्रह केला.

त्या महिन्यांत ती सकाळी मला घराबाहेर पिटाळायची. "जा, समुद्रापर्यंत जाऊन या. घरात बसून माझ्या तोंडाकडे काय बघता?" परत आलो की मागच्या पडवीतली गेरूची जागा फिकट, फरफटलेली दिसायची आणि बाही घातलेल्या हाताचा तळवा पांढरा असायचा.

"काय काढलंस?"

"सराव."

"प्रदर्शनात तर जाणार नाहीस. सराव कशाचा?"

"हात बसलेला बरा," ती म्हणायची.

पौषात ती गेली. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, दूध वर येतं तेव्हा मोबाईल बघत जाऊ नका. डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी रडत होतो आणि ती माझी समजूत काढत होती. एवढ्या वर्षांचा संसार सोडून जाताना बाई एकदाही रडली नाही, हे मला फार लागलं. लोक म्हणत होते, किती धीराची. मला वाटायचं, मी एवढाच होतो की काय.

माघ संपता संपता ऋजुताने मला एका कॉलवर बसवलं. नेदरलँड्समधल्या एका कलासंग्रहालयाची मारिट नावाची बाई बोलत होती. ती डचमध्ये बोले, आम्हाला मराठी ऐकू येई, आणि अनुवादाच्या यंत्राने तिला थेट सदाशिव पेठेत नेऊन बसवलं होतं. तिथे जगभरच्या गेलेल्या कलावंतांच्या बाह्यांचं प्रदर्शन भरणार होतं. क्योटोच्या एका कुंभाराची, मेक्सिकोतल्या एका भरतकाम करणारीची, लागोसच्या एका फॅशन डिझायनरची कापड बेतणारी बाही. त्यांच्या शेजारी मृणालची. बंद काचेत, वीज तोडून.

"आपल्या पत्नीचा हात तिथे सुरक्षित राहील, काका," मारिट म्हणाली. काका कोणी घातलं, तिने की यंत्राने, कोण जाणे.

मी हो म्हणालो. पण बाही पाठवायला अवकाश होता आणि ती माझ्या कपाटात होती. एका सकाळी मी ती हातात चढवली.

आधी काही झालं नाही. नुसती ऊब आली. मग हात आपसूक वर गेला, माझ्या कानाजवळ आला आणि नसलेली बट कानामागे सारून खाली आला. माझ्या डोक्यावर केस नाहीत. मी मोठ्याने हसलो, घरात कोणी नसताना. चहाला बसलो तर हाताने बिस्किटांची बशी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवली. मग एक दिवस मला थोडी कणकण आली. बाही घालून आडवा झालो, तर हात येऊन कपाळावर बसला. आधी तळवा, मग उलटा करून बोटांची मागची बाजू. ताप ती असाच बघायची. ताप उतरला तरी मी पुढे आठवडाभर आजारीच राहिलो.

चैत्र लागला आणि ऋजुता बाही न्यायला आली. तिने वायरी जोडून मोजमाप घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही ही घातलीत?"

"घातली. माझ्या बायकोचा हात आहे."

"प्रत्येक वेळी घातलीत की आई थोडी कमी होते, आणि तिच्या जागी तुम्ही भरता. हे तुम्हाला मी सांगायला हवं? भौतिकशास्त्र शिकवलंत ना?"

"मग काय काचेच्या बरणीत ठेवून लोणचं घालू?"

"लोणचं टिकतं तरी!" ती ओरडली. "मला घालायची नव्हती का? मी शिवलेली बाही, माझी आई. मी एकदाही घातली नाही. संपेल म्हणून नाही घातली."

मी तिला पाणी आणून दिलं. मग विचारलं, "किती राहिलंय?"

"लहानसहान सवयी गेल्यात. रांगोळीची वाट खोल आहे, ती आहे अजून. एक चित्र नीट निघेल. दुसऱ्याची खात्री नाही."

कपाळावरचा हात मी संपवला होता. ते मी तिला सांगितलं नाही, पण तिला समजलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच म्हणाली, "बाबा, ते एक चित्र इथेच काढू या. त्याची फिल्म आणि बाही, दोन्ही पाठवू. मारिट तयार आहे. आईला दर चैत्रात चैत्रांगण काढताना बघितलंय मी. लहानपणापासून तिच्या हातात बसलेलं तेच. तेच येईल."

"तर मग तू घाल."

तिने मान हलवली. "माझा हात चित्रं काढणारा आहे, तो मध्ये कडमडणार. तुम्हाला साधी रेघ येत नाही. तुमचा हात रिकामा आहे. आणि मला समोर बसून बघायचंय."

मरण झालेल्या घरी वर्षभर दारात रांगोळी घालत नाहीत. मी म्हटलं, दारात नको, पडवीत चालेल. ऋजुताने गेरू कालवून लावला. तो सुकल्यावर रांगोळीची वाटी उजवीकडे, मृणाल ठेवायची तिथेच ठेवली. कॅमेरा खांबाला बांधला. मी कुरकुरत्या गुडघ्यांनी तिच्या जागेवर बसलो. ऋजुताने खटका लावला आणि समोर मांडी घातली.

हात वाटीत गेला. चिमूट भरली. पहिली रेघ वर चढली, गोल वळून खाली आली.

"कासव," ऋजुता कुजबुजली. चैत्रांगणात कासव असतंच.

हाताने त्या वळणात आतून आणखी एक वळण घातलं, मग उचलून पार दुसरीकडे गेला आणि तसंच तिथे काढलं.

"दोन कासवं?"

इतके मोठे कान मी दाढी करताना रोज बघतो. हात मध्ये आला. कपाळ काढलं, नाक काढलं, नाकाच्या बाजूचा तीळ एका टिचकीत सोडला. मग चष्मा. गेल्या दिवाळीत चष्म्याची डावी काडी सैल झाली तेव्हा मी तिला दोरा गुंडाळला होता. हाताने तो दोरासुद्धा काढला, आणि त्यासाठी कुठे थांबला नाही, अडखळला नाही.

"बाबा," ऋजुता म्हणाली, "ही वाट तुमची आहे."

एवढी वाट एकदा चालून पडत नाही. दोनदा चालूनही नाही. मला समुद्राकडे पिटाळलेल्या त्या सगळ्या सकाळी ती इथे बसून मला काढत होती. जन्मभर जे करणार नाही म्हणाली तेच रोज करत होती. आणि मी परत येईपर्यंत पडवी मोकळी असायची.

चेहरा पुरा झाला. हाताने गुडघ्यावर बोटं झटकली. चित्र माझ्याकडे बघत होतं, चष्म्यावरून, थोडं रागावून. मी तिला हाक मारताना असाच दिसत असेन. ऋजुता हसत होती आणि तिचे गाल ओले होते.

मग तळवा उघडला.

आम्ही दोघांनी सगळा विचार केला होता. गेरू, वाटी, उजेड, कॅमेरा. मृणालच्या हातात काढणं बसलं होतं तसं पुसणंही बसलं होतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"बाबा, खटका काढा!" ऋजुता ओरडली. "हात ओढा! पुसतेय ती!"

खटका माझ्या डाव्या हातापासून वीतभर होता. डावा हात तिथे गेलाही. पण ज्याने काढलं त्यानेच पुसायचं. मी डावा हात परत मांडीवर ठेवला.

उजवा तळवा चित्राच्या गालावर टेकला आणि क्षणभर तसाच राहिला. मग पुसायला लागला. हनुवटी गेली. तोंड गेलं. आणि हात थरथरायला लागला.

"बाही बिघडली," ऋजुता रडवेली होऊन म्हणाली. "कंप परत आलाय."

थरथर थांबे, पुन्हा येई. एकदा तर हात मध्येच अडला, मुठीत आवळला, सुटला आणि पुढे गेला. नाक गेलं, तीळ गेला, चष्मा गेला. कान सगळ्यांत शेवटी पुसले. मग हात गार पडला आणि माझा झाला.

ऋजुताला तिच्या बाहीचा दोष सहन होईना. तिने फिल्म लॅपटॉपवर घेतली आणि त्या थरथरीचा आलेख काढला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. आलेख वाचायला मला कोणी शिकवायला नको. त्यात ठेका नव्हता. एक मोठा झटका, मग दोन लहान, मग काहीच नाही, मग पुन्हा.

"हे आजाराचं नाही, बाबा."

"नाही."

"मग बाहीने हे थांबवलं का नाही?"

"तूच सांगितलं होतंस तिला. जे तालात नाही ते तुझं."

मग तिला समजलं. लहान असताना रडायची तशी ती माझ्या कुशीत शिरून रडली. मृणाल रडत होती. रोज मला काढून, रोज मला पुसताना रडत होती, आणि मी यायच्या आत तोंड धुऊन चहा टाकत होती. मला सोडून जायचा सराव करत होती. तिचे हुंदके बाहीने तिचेच म्हणून जपून ठेवले होते.

मारिटला फिल्म पाठवायची वेळ आली तेव्हा ऋजुताने विचारलं, "पुसण्याचा भाग?"

"चेहरा पुरा होतो तिथे तोड. तिने मला रडलेलं दाखवलं नाही, जगाला कशाला दाखवायचं?"

बाही खोक्यात गेली. तिच्यात आता फारसं काही नाही, हे ऋजुताने मारिटला खरंखरं सांगितलं. तरी तिने ती मागवली. काचेत राहील बिचारी, कुंभार आणि भरतकामवालीच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला फिरायला निघालो. समुद्रापर्यंत गेलो. येताना बाजाराकडून, जरा लांबच्या वाटेने परत आलो. म्हटलं, पडवीतलं तिचं आवरू दे.